आरपीएमचा काटा आणि बाबांचा कान

गेले तीन वीकेंड एका काट्याने खाल्ले. काटा म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवरचा, आरपीएम मीटरचा. इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतंय ते दाखवणारा. बहुतेकांच्या गाडीत तो असतो आणि बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मीही त्यातलाच. पण या काट्यापायी घरात जे रामायण झालं ते लिहून ठेवायलाच हवं, कारण चूक माझी होती, आणि ज्या कामाचा मला पगार मिळतो नेमकी त्याच कामातली होती.

आधी गाडीची ओळख. १९९८ ची मारुती एस्टीम, कार्ब्युरेटरवाली. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. बाबांनी २००५ मध्ये सेकंड हॅंड घेतली. नंबर अजून एमएच-०४, कारण तेव्हा आमची घिवली ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. एस्टीम बनवणं मारुतीने २००७ मध्येच बंद केलं. त्यात ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवून घ्यायची फी १०,००० रुपये झाली आहे. त्यामुळे "काढून टाका ती आता" हा ठराव आमच्या घरात अधूनमधून मांडला जातो आणि बाबांच्या व्हेटोने फेटाळला जातो.

तर जुलैमधली शुक्रवारची रात्र. डहाणू लोकलने बोईसरला उतरलो. बाहेर धो धो पाऊस. बाबा नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आलेले. काचा बंद, समोरच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर फुल. स्टेशनची गर्दी संपली, पास्थळ मागे पडलं, तरी गाडी सेकंड गिअरमध्येच. इंजिन नुसतं बोंबलतंय.

"बाबा, गिअर टाका ना पुढचा."

"अरे, दोन हजारावर तर आहे."

मी बाजूच्या सीटवरून वाकून बघितलं. डॅशबोर्डचे दिवे इतके मंद की काटा धड दिसेना. मी गप्प बसलो, पण मनातल्या मनात निदान करून मोकळा झालो: यांना ऐकू येत नाही, आणि आता काटाही नीट दिसत नाही.

हे निदान हवेतून आलं नव्हतं. बाबा तेहतीस वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. गेज, ट्रान्समीटर, रेकॉर्डर यांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन हा त्यांचा धंदा. बसायची जागा कॉम्प्रेसर हाउसला लागून. आपल्याकडे तेव्हा कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा फॅक्टरी कायद्यातल्या रोगांच्या यादीतही होता. पण कानात बोळे घालून काम करणाऱ्याला त्यांच्या तरुणपणी सगळे हसायचे. या वर्षी फेब्रुवारीत कानाची तपासणी झाली, रिपोर्ट आला, आणि तेव्हापासून "बाबांना ऐकू कमी येतं" हे घरातलं सर्वमान्य सत्य झालं. टीव्हीचा आवाज वाढला की हेच कारण, फोन उचलला नाही की हेच कारण.

घरी पोचल्यावर आईने सांगितलं की हे महिनाभर चाललंय, पेट्रोलही जास्त लागतंय. विरारहून ताईचा फोन आला: "तू त्यांच्याकडून चावी काढून घे. मी सांगितलं तर त्यांना राग येईल." म्हणजे माझ्यावर राग आला तर चालेल :)

आता लक्षात घ्या, प्रश्न मीटरचा राहिलाच नव्हता. प्रश्न होता एका माणसाच्या हातातली चावी राहणार की जाणार. आमच्याकडून बोईसरला जायचं तर शेवटची एसटी किंवा रिक्षा गाठण्याचं गणित असतं. गाडी गेली की बाबांचं जग घरापासून बंदरापर्यंत. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच कोणी तोंडावर बोलत नव्हतं.

मी मात्र "इंजिनियर" असल्यामुळे शास्त्रशुद्ध पद्धतीने कामाला लागलो. शनिवारी गाडी बोईसरला एका गॅरेजमध्ये नेली. ऊन पडलं होतं. मेकॅनिकने बॉनेट उघडून रेस दिली, काटा सुरसुर वर गेला, खाली आला. "मीटर तो एकदम ओके है साहेब." मी म्हटलं, कधी कधी चुकतो. तो म्हणाला, मग बदलून टाका, जुना माल आहे. नवा मिळत नाही, कुर्ल्याला भंगारात मिळेल. मी पुढच्या आठवड्यात ऑफिस बुडवून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो, २२०० रुपयांना एस्टीमचा अख्खा मीटर कन्सोल घेतला, शनिवारी बसवला. गॅरेजमध्ये पुन्हा एकदम ओके. रात्री पाऊस. बाबा आईला घेऊन एका लग्नाला गेले आणि परत आल्यावर आई म्हणाली, "तेच. इंजिन किंचाळत होतं आणि हे म्हणतात काटा दोन हजारावर."

माझा निष्कर्ष: मीटर बदलला तरी तक्रार तीच, म्हणजे मीटर चांगला, म्हणजे बाबाच.

शांतपणे वाचणाऱ्याला यातली खोट लगेच दिसेल. दोन वेगवेगळे मीटर एकच चूक दाखवत असतील तर दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं असतं. ऑफिसमध्ये एखाद्या ज्युनियरने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं. पण घरी माझ्याकडे आधीच एक उत्तर तयार होतं, फेब्रुवारीपासून. नवा पुरावा त्या उत्तरात बसवणं सोपं होतं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी पडवीत चहा पिताना मी विषय काढला. "बाबा, पावसापुरती तरी गाडी राहू द्या." ते काही बोलले नाहीत. उठले, आत गेले आणि एक जुनी डायरी घेऊन आले. "हे बघ आणि मग ठरव."

डायरीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच्या एकोणीस नोंदी. कंपनीतल्या लॉगबुकसारखे स्केलने आखलेले रकाने. तारीख. पाऊस आहे की नाही. लाइट. ब्लोअर. गिअर आणि वेग. काटा. आणि शेवटचा रकाना "आवाज", त्यात कुठे "बरोबर", कुठे "जास्त वाटतो". जिथे ब्लोअर चालू, तिथे काटा कमी आणि आवाज "जास्त वाटतो". जिथे ब्लोअर बंद, तिथे सगळं बरोबर. एकोणीसपैकी एकोणीस. एका नोंदीखाली बारीक अक्षरात: पेट्रोलचा काटाही हलतो.

मी विचारलं, "हे आधी का नाही दाखवलंत?"

"तू विचारलंस कुठे? आणि मला आवाज वेगळा वाटत होता, पण सगळे म्हणतात माझे कान गेले. म्हटलं, गेले असतील. काटा कशाला खोटं बोलेल?"

चहा तसाच थंड झाला. मी रोज लोकांना सांगतो की बग लॉग केलाय तर आधी लॉग जोडा, लॉग नसेल तर मी बघणार नाही. इथे लॉग दोन महिने कपाटात पडून होता आणि तो लिहिणाऱ्यालाच मी बग ठरवून मोकळा झालो होतो.

मग आम्ही दोघं कामाला बसलो. आधी हा मीटर कसा चालतो ते. जुन्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइल प्रत्येक ठिणगीला एक विजेचा ठोका देते. कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून एक वायर मीटरला येते आणि मीटर हे ठोके मोजून काटा हलवतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० ठिणग्या, सेकंदाला १००. सोपा हिशेब: सेकंदाला जितके ठोके, गुणिले ३०, की आरपीएम. मीटरला एकूण तीनच गोष्टी लागतात. बॅटरीचा प्लस, अर्थिंग, आणि हा सिग्नल. बिघाड असेल तर या तिघांत नाहीतर मीटरमध्ये. मीटर बदलून झाला होता. उरले तीन.

पण बाबा म्हणाले, थांब. आधी मास्टर. त्यांच्या धंद्यात संशयित गेज कधी एकट्याने तपासत नाहीत. शेजारी खात्रीचं दुसरं माप लावतात आणि मग दोघांतला फरक बघतात. आमच्याकडे मास्टर कुठला? फोन. इंजिनाचा आवाज म्हणजे तरी काय, तेच ठोके. आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणारं एक फुकट ॲप घेतलं, फोन सायलेन्सरजवळ धरला. बाबांनी ब्लोअर बंद ठेवून काटा २००० वर धरला. स्क्रीनवर सगळ्यात उंच शेंडी ६६ हर्ट्झला. ६६ गुणिले ३०, १९८०. जुळलं. मग ॲक्सिलरेटर तसाच ठेवून आईने ब्लोअर फुल केला. शेंडी जेमतेम ६५ वर सरकली. काटा मात्र २००० वरून थेट ११०० वर.

इंजिनाने काही केलंच नव्हतं. फक्त काटा खोटं बोलत होता. याच हिशेबाने त्या रात्री काटा दोन हजार म्हणत होता तेव्हा इंजिन साडेतीन हजारांच्या वर फिरत असणार. बाबा काट्यावर विश्वास ठेवून गिअर टाकत नव्हते, एवढंच.

पुढचं काम वीस मिनिटांचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या मागच्या अर्थिंगच्या वायरला. अर्थिंग चांगलं असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ब्लोअर बंद असताना ०.४ व्होल्ट. ब्लोअर फुल, ४.१! म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असले तरी मीटरच्या वाट्याला दहासुद्धा येत नव्हते. दिवे मंद त्यामुळेच, आणि पेट्रोलचा काटाही त्यामुळेच हलायचा. वायर पकडून मागे मागे गेलो. स्टिअरिंगच्या खाली, पायाजवळच्या पत्र्यावर एक बोल्ट. मीटर, डॅशबोर्डचे दिवे आणि ब्लोअर या तिघांचं अर्थिंग त्या एका बोल्टवर. समोरच्या काचेचं रबर कडक झाल्याने पावसाचं पाणी नेमकं तिथे ओघळत होतं. पाणी आणि आमची खारी हवा. घिवलीत खिडक्यांचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू, सगळ्यालाच खार खातो, तर हा बोल्ट कुठला सुटायला. थिंबलवर हिरवट थर आणि खाली पत्र्यावर गंज.

दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, नवं थिंबल, घट्ट आवळून वरून ग्रीस. ब्लोअर फुल, मल्टिमीटर ०.०५. काटा २०००, शेंडी ६६. खर्च नगण्य. कुर्ल्याचे २२०० पाण्यात गेले ते वेगळे.

इथे गोष्ट संपायला हवी, पण मला तो फेब्रुवारीतला रिपोर्ट आठवला. कपाटातून काढला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितला. ऑडिओग्राममध्ये डावीकडे खालच्या फ्रिक्वेन्सी, उजवीकडे वरच्या. २५० आणि ५०० हर्ट्झला बाबांचे दोन्ही कान नॉर्मल. घसरण आहे ती ३००० च्या पुढे, ४००० ला सगळ्यात खोल. कारखान्याच्या आवाजाने जाणारे कान असेच जातात, आधी वरच्या पट्टीत. म्हणून त्यांना स, फ, ट चुकतात, फोनवर ताईचं बोलणं चुकतं. पण इंजिनाचा घुमार असतो शंभर हर्ट्झच्या आसपास, अगदी खाली. तपासणी इतक्या खालपर्यंत जात नाही, पण त्या बाजूला कुठे घसरणीचं नावही नाही. "आवाज जास्त वाटतो" हे त्या गाडीतलं सगळ्यात अचूक रीडिंग होतं. ते आम्ही सर्वांनी मिळून खोडून काढलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनाही खोडायला लावलं.

मला म्हणायचंय ते इथे आहे. आकडा दिसला की आपण माणसाचं म्हणणं बाजूला ठेवतो. आकड्याला मत नसतं, तो म्हातारा होत नाही, तो चिडत नाही, म्हणून तो खरा. पण आकडा ज्या वायरीतून येतो तिला गंज लागतो, हे विसरतो. आणि घोळ झालाच तर सगळ्यात स्वस्त आरोपी आपल्याकडे तयार असतो. आमच्या धंद्यात त्याला "युजर एरर" म्हणतात.

घिवलीला खेटून तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे, १९६९ पासूनचं. त्यामुळे अणुभट्ट्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. बाबांची आवडती गोष्ट अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची, २८ मार्च १९७९ ची. तिथे एक झडप उघडी अडकली होती, पण कंट्रोल रूममधला तिचा दिवा विझलेला होता, म्हणून ऑपरेटरना वाटलं झडप बंद आहे. तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता. झडपेच्या कॉइलला वीज मिळतेय की नाही, एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ भट्टीतलं पाणी जात राहिलं. कुठलाही दिवा, कुठलाही काटा बघितला की हा नेमकं काय मोजतोय हे आधी विचारावं, हे बाबा तेव्हाही सांगायचे.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, आणि जास्त लाजिरवाणी. ब्रिटनच्या पोस्टात होरायझन नावाची हिशेबाची सॉफ्टवेअर प्रणाली होती. ती गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात न झालेली तूट दाखवायची. लोक सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीन चुकतंय. ऐकलं गेलं ते मशीनचं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले. शेवटी २०२४ मध्ये संसदेने कायदा करून एकगठ्ठा शिक्षा रद्द केल्या. आमची एस्टीम आणि हे प्रकरण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण विचाराची वाट तीच, जिच्यावरून मी दोन आठवडे चाललो.

कोणी म्हणेल, म्हणजे अनुभवी माणूस म्हणतो ते डोळे मिटून खरं मानायचं का? मुळीच नाही. बाबांचा कान बरोबर होता हे आम्ही मोजूनच सिद्ध केलं, श्रद्धेने नाही. आणि वय झालेल्यांच्या ड्रायव्हिंगचा प्रश्न खरा आहे. लायसन्सच्या नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात ते उगीच नाही. एक दिवस येईल जेव्हा बाबांना चावी ठेवावी लागेल. तो दिवस ते स्वतः डायरीत लिहितील असं मला वाटतं. पण तो खऱ्या रीडिंगवरून यावा, गंजलेल्या बोल्टवरून नाही. एवढीच मागणी आहे.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काटा शून्यावर मेलेला असेल तर आधी फ्यूज आणि मग कॉइलकडून येणारी वायर बघा. खड्ड्यात आपटल्यावर नाचत असेल तर कपलर सैल किंवा मीटरच्या मागचा सोल्डर तडकलेला. बाहेरून विकत आणून लावलेला मीटर बरोबर दुप्पट किंवा निम्मं दाखवत असेल तर सिलिंडरचं सेटिंग चुकलंय. आणि लाइट, ब्लोअर, वायपर लावल्यावर काटे हलत असतील तर डोळे झाकून अर्थिंग. मात्र तपासताना हे सगळं चालू ठेवून तपासा, आम्ही दोनदा बंद ठेवून गॅरेजमधून सर्टिफिकेट आणलं :) कॉइलच्या टोकाशी मात्र जपून, तिथे बारा व्होल्ट नसतात, शेकड्यात उसळी असते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत हा उद्योगच नको, ओबीडीचा स्वस्त स्कॅनर लावला की खरा आरपीएम फोनवर दिसतो. तोच मास्टर.

असो. काल रात्री पुन्हा बोईसरला उतरलो. पुन्हा पाऊस, ब्लोअर फुल, पण डॅशबोर्डचे दिवे लख्ख. पास्थळच्या आधीच बाबांनी थर्ड टाकला. काट्याकडे बघितलंही नाही.

ता. क. कुर्ल्याहून आणलेला मीटर गाडीतच आहे. जुना काढलेला बाबांनी पुसून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय. पिशवीवर चिठ्ठी: "चांगला आहे. तारीख टाकून तपासला."